पुसायचं काम

अंगठा आधी हलला आणि वाचलं गेलं ते नंतर. शेफिल्डची ट्राम कॅथीड्रलच्या थांब्यावरून नुकती सुटली होती. लिनेट हॅडफील्ड एका हातानं दांडी धरून उभी होती आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर लेकीला आलेले मेसेज पुसत होती, रोज पुसायची तसेच. मूर्ख. जाडी. म्हैस. टेनिस सोड आणि भांडी घास. अंगठ्याला आता सराव झाला होता. पहिल्या दोन शब्दांवरून त्याला कळायचं आणि किडका मटार बाजूला टाकावा तसा तो मेसेज सारून द्यायचा. तसाच तोही गेला. गेल्यावर मग तो तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तुझ्या आईचं दार हिरवं आहे. आज हरून तर दाखव. बस, एवढंच. शिवी नव्हती, उद्गारचिन्ह नव्हतं, शुद्धलेखनसुद्धा बिनचूक होतं, आणि तेच तिला सर्वांत वाईट वाटलं. शिव्या देणारा माणूस कसाही असो, शिवी देऊन तो मोकळा होतो. हा मोकळा झालेला नव्हता.

तिनं फोन वर केला, खाली केला, परत मागे जायचा प्रयत्न केला, पण पुसलेलं पुसलं गेलं होतं. पाठवणाऱ्याचं नावही तिनं पाहिलं नव्हतं. काही आकडे होते आणि कुत्र्याचा फोटो होता, की तो आधीच्याचा? शेजारच्या बाईनं तिच्याकडे बघून विचारलं, बसायचंय का तुम्हाला, आणि लिनेट नको नको म्हणत बसली. गुरुवार होता. चष्म्याच्या दुकानातून तिला गुरुवारी बारालाच सुट्टी मिळायची, आणि आज तर दुकानातल्या सगळ्यांनी तिला शुभेच्छा देऊन पिटाळलं होतं, कारण जून महिना होता आणि जूनमध्ये या देशाला आपल्याकडे टेनिस खेळणाऱ्या मुली आहेत याची आठवण होते. उरलेले अकरा महिने कोणी विचारत नाही. जूनमध्ये मात्र चष्म्याचा नंबर काढायला आलेला म्हातारासुद्धा विचारतो, काय म्हणतेय तुमची मुलगी, यंदा तरी? टॅमसिन जगात दोनशे एकतिसावी होती. विम्बल्डनमध्ये थेट शिरायला तो आकडा पुरत नाही. त्याआधी पात्रतेच्या तीन फेऱ्या जिंकाव्या लागतात. दोन तिनं जिंकल्या होत्या. तिसरी आज दीड वाजता होती, आणि सहा वर्षांत ती इथवर पहिल्यांदाच पोचली होती.

इन्फर्मरी रोडच्या थांब्यावर उतरून घरापर्यंत उभा चढ होता. रोज ती तो चढ मध्ये एकदा थांबून चढायची, आज थांबली नाही. मागून कोणी येतंय का हे बघायलाही थांबली नाही, कारण बघितलं तर कोणीतरी असणारच. रस्ता होता, माणसं असणारच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं तिनं स्वतःला बजावलं आणि तरीही ब्रह्मराक्षसाला पाय असतात, बूट असतात, तो साध्या करड्या कोटात फिरतो, असं तिला वाटत राहिलं. वळणावरून दार दिसलं. हिरवं. तीन वसंतांपूर्वी रॉयनं, तिच्या नवऱ्यानं, आपल्या भाजीच्या वाफ्यावरची खोपटी रंगवली आणि उरलेला डबा वाया कशाला घालवायचा म्हणून दारावर फासला. तेव्हा ती त्याच्याशी दोन दिवस भांडली होती, घर आहे की कोंबड्यांचं खुराडं म्हणून. आख्ख्या गल्लीत दारं काळी, लाल, निळी, आणि एक हे. गेल्या वर्षी टॅमसिननं पोर्तुगालमध्ये एक छोटी स्पर्धा जिंकली तेव्हा गावातल्या पेपरवाल्यानं तिला याच दारात चषक घेऊन उभं केलं होतं. फोटोत दारावरचा चौदा आकडाही आला होता. लिनेटनं त्याच्या पाच प्रती घेतल्या होत्या आणि बहिणींना पाठवल्या होत्या. ही मिरवायची हौस आपलीच, हे तिला किल्ली लावताना आठवलं.

आत शिरून तिनं कडी लावली, साखळी लावली, मागचं दार बघितलं. फ्रिजवर चुंबकाखाली एक कार्ड होतं. खेळाडूंच्या सुरक्षेचं बघणाऱ्या लोकांनी सगळ्या घरच्यांना दिलेला नंबर : असं काही आलं तर ताबडतोब कळवा, मेसेज जपून ठेवा. जपून ठेवा! सहा वर्षं ती नेमानं पुसत आली होती. आता फोन करून काय सांगणार, की मला एक मेसेज आला होता, नाही, माझ्या मुलीला आला होता, तो मी वाचला, नाही, वाचायच्या आधी पुसला? आणि त्यांचा नियम तिला ठाऊक होता. धमकी आली की आधी खेळाडूला सांगायचं. मॅचच्या पंचवीस मिनिटं आधी, बूट बांधत असलेल्या टॅमसिनला कोणीतरी बाजूला घेऊन हळू आवाजात सांगणार, तुझ्या आईचं दार. तिनं कार्ड चुंबकाखालून काढलं, नंबर लावला, पहिली रिंग वाजायच्या आत बंद केला. सहा वर्षं ज्या दिवसासाठी पोरगी विमानतळांवरच्या बाकड्यांवर झोपली तो दिवस मी माझ्या हातानं नासवू? आणि नाही सांगितलं, आणि काही झालं तर? तर मला होईल. मला झालेलं चालेल. हा हिशेब तिला सोपा वाटला आणि तिनं कार्ड परत लावून टाकलं.

मग ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली. तिथून दार दिसायचं. मॅच बघायला ती कधीच जात नसे आणि त्याचं कारण टॅमसिन तेरा वर्षांची असतानाचं होतं. लिंकनला काउंटीची स्पर्धा होती, पोरगी पुढे होती, आणि मग मागे पडली. गाडीत बसल्यावर टॅमसिन ओला टॉवेल डोक्यावर घेऊन म्हणाली होती, तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं की मला कळतं मी हरणार आहे. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. तेव्हापासून लिनेट आकडे बघायची. जगात कुठेही मॅच असली तरी पंच खुर्चीत बसून बटण दाबतो आणि इथे फोनवर आकडा बदलतो. चेंडू नाही, मैदान नाही, मुलगी नाही. नावापुढे एक पिवळा ठिपका, तो जिच्या नावापुढे तिची सर्व्हिस. दोन आकड्यांच्या मध्ये साधारण अर्धं मिनिट जातं. त्या अर्ध्या मिनिटांत लिनेटचं सगळं आयुष्य बसलेलं होतं, असं म्हटलं तर ती हसली असती, पण ते खोटं नव्हतं. टॅमसिनपुरतंच तरी कुठे होतं? दर सोमवारी नवी क्रमवारी लागली की ती ब्रिटनच्या सगळ्या मुली वरून खाली बघायची, पहिल्या शंभरातल्या चौघी, मग दोनशेपर्यंतच्या, मग हजारापर्यंत, ज्यांची नावं त्यांच्या गल्लीतही कोणाला माहीत नसतील. कोणाचा खांदा दुखतोय, कोणी प्रशिक्षक बदलला, कोण मेक्सिकोत उलट्या करत खेळली. सगळ्यांचं बरं व्हावं असं तिला वाटायचं आणि त्यांच्यातली एखादी टॅमसिनच्या पुढे जाऊ लागली की ती हरावी असंही वाटायचं. एकदा न्यूकासलची एक पोरगी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनं वर्षभर बाहेर गेली हे वाचून लिनेटनं सुटकेचा श्वास टाकला होता, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा घासत बसली होती. त्या मुलीचीही आई असेल. तीही कुठल्यातरी पायरीवर बसत असेल.

दीडला पिवळा ठिपका हलायला लागला. पहिला सेट सहा-तीन टॅमसिनचा. एरवी लिनेट एवढ्यावर चहा करायला उठली असती. आज तिला उठवेना. खोलीत घड्याळ होतं, फ्रिज घुरघुरत होता, आणि गल्लीतून जाणारं प्रत्येक पाऊल चौदा नंबरपाशी किंचित हळू होतंय असं वाटत होतं. तो माणूस शेफिल्डात कशाला असेल? तो असेल कुठेतरी दूर, गंजीफ्रॉकवर, तीन फोन समोर घेऊन, बारा देशांतल्या बारा पोरींवर पैजा लावून बसलेला. त्याला दार माहीत आहे, गाव माहीत आहेच असं नाही. पण दार माहीत असेल तर पेपर वाचलेला असणार, आणि पेपरच्या नावातच शेफिल्ड आहे. मन चिंती ते वैरी न चिंती. वैऱ्यानं नऊ शब्द लिहिले होते. बाकी सगळं ती स्वतः लिहीत होती, त्याचा चेहरा, त्याचे हात, तो फाटकाची कडी कशी उघडेल ते. दुसरा सेट सहा-चार त्या दुसऱ्या मुलीचा, स्लोव्हाक होती कोणी. आकडा चाळीस-तीसवर एकदा दोन मिनिटं अडकला. बॉलबॉयला भोवळ आली असेल, चेंडू हरवला असेल, पाऊस असेल. की मैदानातच कोणी? मग आकडा हलला आणि ती पुन्हा दाराकडे बघायला लागली.

पहिल्यांदा हे मेसेज आले ते अंताल्यात. टॅमसिन सतराची होती, तुर्कस्तानातल्या एका हॉटेलच्या मागच्या मैदानावर, बघायला कुत्रंही नसलेल्या मॅचमध्ये एका रोमेनियन मुलीकडून हरली आणि रात्रीतून पैज हरलेली दोनशे माणसं तिच्या जिवावर उठली. घरी आल्यावर तिनं फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि आपल्या खात्याचा पासवर्ड सांगितला. तू बघत जा, म्हणाली, नको असेल ते पुसून टाक, मला नको दाखवूस. लिनेटला ते वाचून मळमळलं होतं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं. प्रशिक्षक होता, फिजिओ होता, पोरीच्या पायांचा, जेवणाचा, झोपेचा मालक कोणी ना कोणी होता. आईला काम उरलं नव्हतं. हे मिळालं. लहानपणी तिच्या पलंगाखाली डोकावून सांगायचं असतं ना, काही नाही गं, झोप, तसंच हे. रोज सकाळी चहाच्या आधी ती पलंगाखाली डोकावत होती आणि सांगत होती, काही नाही गं. टॅमसिनही कधीतरी फोनवर विचारायची, आज काही होतं का, आणि लिनेट म्हणायची, किरकोळ.

तिसऱ्या सेटमध्ये चार-चार झाले तेव्हा फाटक वाजलं. फोन हातात होता तरी तिला आकडा दिसेनासा झाला. पावलं आली, दारापाशी थांबली, काचेत डोक्याची सावली पडली, आणि तिनं श्वास धरला, इतका की कानात नाडी ऐकू यायला लागली. टपालाची फट उघडली. बोटं दिसली, चार बोटं, नखं स्वच्छ. एक कागद आत पडला आणि पावलं पुढच्या घराकडे गेली, तिथेही फट वाजली, मग त्याच्या पुढे. खिडक्या धुऊन मिळतील, अशी जाहिरात होती. पायरीवरूनही वाचता येत होती. ती उचलायला लिनेट खाली उतरली नाही. अशा जाहिरातवाल्यालाही कोणी पाठवलेलं असू शकतं. असं वाटलं आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती उतरली नाही. फोनकडे बघितलं तर पाच-चार. ठिपका टॅमसिनपुढे.

आणि तेव्हा ती प्रार्थना करायला लागली. वर्षानुवर्षं तिनं टॅमसिनच्या जिंकण्यासाठी देवाला, नशिबाला, चहाच्या कपांना, मोज्यांच्या रंगांना साकडं घातलं होतं, पण ते पोरीसाठी. आज ती म्हणत होती, जिंक गं बाई, जिंक, म्हणजे तो येणार नाही. पंधरा-शून्य. पंधरा-पंधरा. पोरगी आयुष्यातला सर्वांत मोठा गेम खेळत होती आणि आईला फक्त दार दिसत होतं. तीस-पंधरा. तीस-तीस. चाळीस-तीस. मॅच पॉइंट. एका चेंडूवर विम्बल्डन. अर्धं मिनिट गेलं. फोनवर अक्षरं आली : डबल फॉल्ट. दोन्ही सर्व्हिस बाहेर, स्वतःच्या हातानं दिलेला पॉइंट. टॅमसिन असं करत नसे. सर्व्हिस ही तिची खात्रीची गोष्ट. ती झोपेतही सर्व्हिस आत टाकेल असं रॉय म्हणायचा. मग पाच-पाच. पाच-सहा. पाच-सात. नाव करडं झालं आणि ठिपका नाहीसा झाला.

लगेच फोन थरथरायला लागला. एकामागून एक मेसेज. मागच्या दारात किल्ली फिरली तेव्हा लिनेट एक पायरी वर सरकली. रॉय होता. मॅचच्या वेळी तो फोन बंद करून वाफ्यावर जायचा आणि संपली असेल अशा बेतानं यायचा. हातात पालकाची जुडी, बुटांना चिखल.

"हरली," लिनेट म्हणाली.

"किती?"

"तिसऱ्यात सात-पाच. मॅच पॉइंट होता."

रॉयनं जुडी ओट्यावर ठेवली. मॅच पॉइंट हा शब्द त्याला नीट बसायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "चहा टाकतो," कारण दुसरं काय म्हणणार, आणि मग वळून तिच्याकडे बघत, "तू जिन्यात का बसलीयस गं?"

तिनं सांगितलं नसतं. तेवढ्यात टॅमसिनचा फोन आला. हरल्यावर ती तास-दोन तास कोणाशी बोलत नसे. आंघोळ करायची, सायकल चालवायची, मग आईला. आज दहा मिनिटंही झाली नव्हती.

"आई," टॅमसिन म्हणाली. श्वास लागलेला होता. "दार लावलंयस ना?"

लिनेटनं दाराकडे बघितलं. कडी होती, साखळी होती.

"कुठलं दार?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"आई, प्लीज. पुढचं. कोणी आलं होतं का? बाबा आहेत का घरात?"

"आहेत. तू... तुला कसं कळलं?"

पलीकडे दुसऱ्या एका बाईचा आवाज आला, शांत, काहीतरी विचारणारा, आणि टॅमसिन तिला म्हणाली, ठीक आहेत, दोघंही घरातच आहेत. मग ती पुन्हा फोनवर आली. "सकाळी साडेसहाला आला तो. मी पुसणारच होते, तेवढ्यात सरावाला हाक आली आणि राहिला. मला वाटलं मॅचनंतर पुसेन, तुझं सकाळचं पुसून झालं असेल, मग तू दुकानात असशील, तुला कुठे वेळ. मग मैदानाकडे जाताना बघितलं तर गेलेला. म्हणजे तू तो वाचलास."

"तू वाचतेस?" लिनेट म्हणाली. "मी तर... तू तर मला दिलं होतंस ते."

"मी आधी वाचते, आई. रोज. फार घाण असतात ते काढून टाकते. साधे ठेवते तुझ्यासाठी, आणि न वाचलेले म्हणून परत खूण करते, म्हणजे तुला कळू नये."

"साधे," लिनेट म्हणाली.

"हं."

रॉय किटली हातात घेऊन उभा होता. लिनेटनं फोन कानापासून जरा लांब धरला आणि परत जवळ आणला. म्हैस, भांडी घास, मेलीस तर बरं, हे सगळं साधं होतं. ते वाचून सहा वर्षं तिला चहा गोड लागला नव्हता, आणि ती निवडून, पाखडून ठेवलेली रास होती. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"अंताल्यापासून. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मी फोन परत मागितला असता तर तू आणखी काळजी केली असतीस, म्हणून."

सतरा वर्षांची होती ती तेव्हा. लिनेटला त्या वेळची टॅमसिन दिसली, दातांना तार लावलेली, वरच्या खोलीत पांघरुणात फोन घेऊन बसलेली, आईच्या आधी उठून आईसाठी खडे वेचणारी. पलंगाखाली ती आधीच जाऊन आलेली असायची. मग वर चढून पडून राहायची आणि विचारायची, आज काही होतं का.

"आणि तो पॉइंट," लिनेट म्हणाली. विचारायचं नव्हतं, पण विचारून झालं होतं.

"चेंडू वर टाकला आणि आपलं दार दिसलं. बाकी काही नाही. तू घरात एकटी आहेस की बाबा आहेत सोबत, एवढंच डोक्यात होतं. आधी फोन करणार होते तुला, पण म्हटलं, घाबरशील."

"मी पण फोन करणार होते," लिनेट म्हणाली. "कार्डावरचा नंबर लावला होता." ती पायरीवर वाकून बसली. रॉयनं किटली खाली ठेवली आणि तो तिच्या शेजारी, चिखलाच्या बुटांनी, जिन्यावर येऊन बसला. काय झालंय हे त्याला अर्धंच कळलं होतं. हातात फोन थरथरतच होता. तिचा कान त्या थरथरीला लागूनच होता.

"मेसेज येतायत ना?" टॅमसिननं विचारलं. "मला इकडे ऐकू येतंय. माझा फोन या सुरक्षेच्या बाईंनी घेतलाय, मी त्यांच्या फोनवरून बोलतेय. पोलिसांना सांगितलंय, कोणीतरी येईल तुमच्याकडे. ओळखपत्र बघितल्याशिवाय उघडू नका. आणि आई, आता एकही पुसायचा नाही."

"नाही पुसत."

"आणि एकटीनं वाचायचा नाही."

"मग?"

"मला वाचून दाखव. मोठ्यानं. मी इथे बसलेय."

लिनेट नको म्हणाली. असले शब्द आपल्या तोंडून, आपल्या पोरीला. तिच्या जिभेवर ते कधी आले नव्हते, मनातल्या मनातही ती ते पूर्ण वाचत नसे. टॅमसिन म्हणाली, मला पाठ आहेत गं सगळे, नवीन काही नसतं त्यात, आणि लिनेटला हेच सर्वांत असह्य झालं. तिनं फोन कानावरून काढून समोर धरला, आवाज मोठा केला. वर न वाचलेल्यांचा आकडा नव्वद होता, बघता बघता त्र्याण्णव झाला. अंगठा सवयीनं डावीकडे सरकायला निघाला, तो तिनं दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. भीती गेली नव्हती. दार तिथेच होतं, साखळी किती बारीक असते हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं. तिनं सर्वांत वरचा मेसेज उघडला आणि पहिला शब्द उच्चारला. आवाज फाटला. रॉयनं मान खाली घातली.

"पुढे," टॅमसिन म्हणाली.